सभेआधीच लिहिलेलं इतिवृत्त

मंगळवार, संध्याकाळ

कुहीचं मुलींचं वसतिगृह बंद करायचा ठराव आज आमच्या संस्थेत मंजूर झाला. मी सचिव, नेहमीसारखं सभेआधीच इतिवृत्त लिहून नेलं होतं. विश्वस्त चहा पिता पिता सह्या करतात. पण कुहीच्या नव्या विश्वस्त सुमनताई ते वाचत बसल्या. "सर, आमी त आत्ताच येऊन बसलो. मंग 'सर्वानुमते' आधीच काहून लिवलं?"

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो मी? मग सुमनताईंनीही सही केली.

ते 'काहून' कानातून जात नाही. मुली कुठे जातील, हे विचारायचं असेल का त्यांना? आता फोन करू? कोणत्या तोंडाने? पुढच्या सभेचं इतिवृत्तही लिहून तयार आहे. त्यात अनुमोदक सुमनताईच आहेत.