ढिलं टर्मिनल

४ मार्च

आजही नाही. किल्ली फिरवली की नुसतं कट्! दुसऱ्यांदा फिरवली तर तेही नाही. दिवे मेलेले, हॉर्न मुका. कालच तर बॅटरी चार्ज करून आणली होती! सोमवारी मी परत जाणार, त्याआधी ही जुनी गाडी धड व्हायलाच हवी. माझ्यामागे आई-बाबांना अडीअडचणीला दुसरं आहे काय?

आई म्हणते, "राहू दे ग. गाडीवाचून काही अडत नाही." तिचं हे नेहमीचंच.

५ मार्च

मेकॅनिक आला. बॅटरी ठणठणीत, स्टार्टर ठीक. मीटर लावून पाहिलं, करंट कुठे गळत नाही. मग बॅटरीवरचं टर्मिनल सहज हलवलं, तर हातात आलं! "खड्ड्यांनी ढिलं होतं, ताई." गाडी आठवडाभर जागची हललेली नाही, कसले खड्डे? पण घट्ट करताच सुरू झाली हे खरं. बाबा किती हसले. किल्ली लगेच परत घेऊन खिशात ठेवली. ती ते कुणाकडे राहू देत नाहीत.

६ मार्च

पुन्हा ढिलं!

दुपारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत जाऊन बसले. "शाळा सुटेल. चिमी वाट बघत बसेल." चिमी म्हणजे मी. काचेवर टकटक केलं — "अहो बाबा, चिमी इथेच उभी आहे, केस पिकायला लागलेत तिचे." तेही हसले, पण उतरेनात. थट्टाच करत असणार. मला मात्र उगीचच कसंतरी झालं.

शेवटी आईने हात धरून उतरवलं. "गाडी बिघडलीय ना? उद्या बघू." मग निमूट उतरले. आईच्या बोटांना हिरवट पावडर लागली होती. म्हणाली, तांब्याचं भांडं घासत होते.

७ मार्च

एका जागी बसवत नाही. आले होते आई-बाबांशी चार शब्द बोलायला, आणि दिवसभर डोकं बॉनेटमध्ये. स्वतःचाच राग येतोय.

८ मार्च

नवं टर्मिनल, नवा बोल्ट. लांब पाना घेऊन, होतं नव्हतं ते बळ लावून आवळलं. आता बघू कसं ढिलं होतं ते!

आई दारातून बघत होती. "एवढं आवळलंस? मग निघायचं कसं ते?"

"निघायलाच नकोय, आई."

ती आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. नंतर विचारायचं राहून गेलं.

९ मार्च

गाडी जागेवर नाही. बाबाही नाहीत.

रिकाम्या जागेत आई पाना धरून उभी होती, बोटं सोललेली. "मीच रोज ढिलं करत होते. गाडी बिघडलीय म्हटलं की मुकाट घरात येतात ते. त्यांचंच काही बिघडलंय, हे त्यांना कशाला कळायला हवं? आज निघालंच नाही ग."

मला का नाही सांगितलंस, म्हटलं.

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

घेतलीच असती.

पोलिसांना कळवलंय. शेजारचे काका स्कूटर काढतायत. शाळा केव्हाच पाडली, तिथे आता दुकानं आहेत. तरी तिथेच जाऊन उभी राहते. बाबा मला न्यायला येतील.