गिझरचे नखरे

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरला नाही. आज आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मी दार ढकलून तिला बाहेर मोकळ्या हवेत आणलं, डॉक्टर बोलावले. आता बरी आहे. दादा म्हणतो, "उपासाने येते गो चक्कर."

उपासाने! पावसाची झड आत येते म्हणून न्हाणीच्या खिडकीला प्लास्टिक ठोकलं कोणी? यानेच. मग हवा कमी पडली की गॅस गिझर आपोआप बंद व्हायचा. शहाणा होता बिचारा. तर दादा म्हणे, "नखरे करतो." फिटरकडून त्याचा हवा ओळखणारा सेन्सर काढून तारा थेट जोडून घेतल्या! मग गिझर बंदच होईना, आणि न्हाणीत विषारी वायू कोंडला.

मी प्लास्टिक फाडलं, गॅसचा कॉक बंद केला. तर मलाच म्हणतो, "तुझे नखरे पुरे."

नखरे? फिटरला विचार म्हणावं, माझाही सेन्सर काढता येतो का.