विसरून खाल्लं तर चालतं

१ जून, शुक्रवार. संध्याकाळ.

चाँद दिसला. आमच्या नारायण पेठेतल्या गच्चीवरून सगळ्यांत आधी मलाच दिसला. मी दाखवलेली ती तारेवर अडकलेली चिंधी होती, असं मेहबूबभाईंचं म्हणणं. मेहबूबभाई म्हणजे माझ्या बायकोचे, नसीमबानूचे, थोरले भाऊ. मेव्हण्याला मान द्यायचा नाही, हे त्यांचं जुनंच.

उद्यापासून रमजान. यंदा सगळे रोजे धरणार. नसीमला वचन दिलंय. लग्न झाल्यापासून दरवर्षी देतो, पण यंदाचं लेखी आहे, म्हणजे या वहीत. मी शिकलो मराठी शाळेत, नसीम उर्दू शाळेत. ती मराठी फर्डं बोलते, पण वाचता येत नाही. आमचा संसार सुखाचा होण्याचं हे एक कारण.

शिवाय: सिगारेट बंद. चिडणं बंद. वजन आपोआप उतरेल.

२ जून, शनिवार. पहाट.

सहरीला उठलो. उजाडायच्या आत खाऊन घ्यायचं, मग सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. खिमा, पराठे, दही, केळी. सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

तोच दिवस. ऑफिस, दुपार व्हायची आहे.

बाऊ करण्यासारखं आहे.

तोच दिवस. रात्र.

पूर्ण धरला! इफ्तारला खजूर तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं. नसीमला वाटलं भक्तिभाव. मी तसंच राहू दिलं.

५ जून, मंगळवार.

हिंदुराव माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. मांजरीहून येतो, ऊस आहे घरचा, माणूस चांगला. मला विचारलं, तुमच्या म्होरं च्या पिला तर चालंल का? मी म्हणालो, बिनधास्त. एवढं मोठं मन दाखवायची काही गरज नव्हती. आता तो बशीत ओतून फुरक्या मारत पितो. पूर्वी कपाने प्यायचा, मला पक्कं आठवतंय.

घरी येऊन नसीमवर ओरडलो. कारण आठवत नाही. कारण नव्हतं.

८ जून, शुक्रवार.

जुम्म्याच्या नमाजाला गेलो. मौलानांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. रोज्यात माणूस विसरून काही खाऊन-पिऊन बसला, तर रोजा तुटत नाही. आठवल्याबरोबर थांबायचं, बस. ते खाणं अल्लाहनेच खाऊ घातलं म्हणायचं.

इतकी वर्षं मशिदीत जातोय, इतकं उपयोगी काही ऐकलं नव्हतं.

११ जून, सोमवार.

दत्तोबाच्या अमृततुल्यासमोरून जात होतो. आलं ठेचल्याचा वास आला आणि विसरलो. अर्धा कप चहा पोटात गेल्यावर आठवलं. थांबायला हवं होतं, पण अर्धा कप टाकून उठणं म्हणजे दत्तोबाचा अपमान. रमजानमध्ये कोणाचं मन दुखवू नये.

रोजा शाबूत.

१३ जून, बुधवार.

पुन्हा विसरलो. क्रीमरोलसुद्धा.

१५ जून, शुक्रवार.

दत्तोबा मला बघून म्हणाला, आज विसरायला उशीर केलात. पुण्यात चहाचे पैसे लागतात, टोमणा फुकट. रागाने तिथून निघालो. दहा पावलांवर गेल्यावर लक्षात आलं की रागावणं रोज्यात मना आहे. म्हणून परत जाऊन प्यायलो.

१६ जून, शनिवार.

घोटाळा झाला. ऑफिस अर्धा दिवस होतं. नसीमने इफ्तारसाठी भजी तळून झाकून ठेवली होती. ती नमाजाला बसली होती. माझ्या तोंडात भजं आणि ती दारात. मी म्हणालो, विसरलो.

चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला.

सुटलो.

१९ जून, मंगळवार.

सुटलो नाही. आज मोरीजवळ तांब्याने पाणी पिताना दिसलो. पुन्हा तेच उत्तर दिलं, दुसरं सुचलंच नाही. तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. म्हणाली, अब्बांचंही असंच सुरू झालं होतं. आधी जेवलो की नाही ते विसरायचे. मग घर. शेवटी शेवटी नसीमला विचारायचे, बेटी, आपण कोणाच्या?

मला हे ठाऊक होतं. आमच्या लग्नाआधीची गोष्ट. पण ऐन वेळी आठवलं नाही. म्हणजे खरंच विसरलो. आता हे तिला कसं सांगणार?

२१ जून, गुरुवार.

अम्मी आल्या. म्हणजे सासूबाई, हुस्नबानू. येताना बदाम आणि ब्राह्मीचं तेल आणलं. सहरीला सोललेले बदाम, झोपताना डोक्यावर तेल. उशीला, टोपीला, सगळ्याला वास. ऑफिसात हिंदुराव म्हणाला, कुणी आजारी हाय का घरात? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग तुमी हाय.

दुधाचं कार्ड आणि कपाटाच्या किल्ल्या नसीमने माझ्याकडून काढून घेतल्या. प्रेमाने. प्रेमाने काढून घेतलेली किल्ली परत मागता येत नाही.

२४ जून, रविवार.

मेहबूबभाई मला तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजाला हाताला धरून नेतात. रस्ता ओलांडताना दंड दाबतात. लहानपणापासून याच पेठेत राहतोय मी! मशिदीत लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात. ओरडावंसं वाटतं, पण ओरडलो तर तेही लक्षण धरतील.

नसीम सहज विचारल्यासारखं विचारते. आज काय वार? आज विचारलं, निकाहच्या दिवशी माझ्या कपड्यांचा रंग कोणता होता? आठवेना. खूप जोर लावला, आठवेना. अहो, कोणत्या नवऱ्याला आठवतो? ती आत जाऊन रडली.

२७ जून, बुधवार.

दत्तोबाकडे आता चहासुद्धा मिळत नाही. नसीम येऊन त्याला सांगून गेली, हे आले तर काही देऊ नका, घरी पोचवा. दत्तोबाने खरोखर घरी पोचवलं. वाटेत एक शब्द बोलला नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्यामुळे आजचा रोजा पूर्ण झाला. पण तो धरला म्हणता येणार नाही, धरवला गेला.

३० जून, शनिवार. रात्री आठ.

ढग दाटलेत. गच्चीवर सगळे मान मोडेपर्यंत बघत होते, चाँद काही दिसला नाही. म्हणजे उद्या शेवटचा रोजा, परवा ईद.

मघाशी नसीम नमाज संपवून दुआ मागत होती. ओढणी तोंडाशी धरून. माझं नाव घेत होती. या उकाड्यात दिवसभर चुलीपुढे, घोटभर पाणी नाही, आणि मागते काय, तर माझी याददाश्त. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ठरलं. उद्याचा एक रोजा खराखुरा. बदामाशिवाय, मेहबूबभाईंशिवाय, दत्तोबाच्या पहाऱ्याशिवाय. पेठेत थांबलो तर माझ्या पायांचा भरवसा नाही, म्हणून पहाटेच्या पहिल्या बसने मांजरीला, हिंदुरावाकडे. उसात बसून राहीन. संध्याकाळी येऊन नसीमला सांगेन, बघ, सगळं आठवतं मला. लवकर झोपतो. कानात कापूस घालतो, म्हणजे शांत झोप लागेल. गजराचं घड्याळ छातीवर ठेवतो.

१ जुलै, रविवार. रात्र.

गजर झाला. नसीम गाढ झोपलेली. शेवटच्या सहरीला तीच झोपून राहिली आणि विसराळू म्हणे मी! दमली असेल म्हणून उठवलं नाही. शिळी चपाती आणि केळं खाल्लं. नमाज घरीच पढली, निघालो.

हिंदुराव दारातच भेटला. खूश झाला. सारखा माझ्या हातांकडे बघत होता. डबा शोधत होता, हे नंतर कळलं. त्याची आई सोजरबाई चहा घेऊन आली. मी हात जोडून म्हणालो, रोजा आहे. छाती फुगली होती माझी. हिंदुराव हसायला लागला, त्याला वाटलं चेष्टा. सोजरबाई म्हणाली, आवं काय बोलताय, आज तर तुमची ईद हाय न्हवं? सकाळी रेडिओवर सांगितलं की. शिरखुर्मा न्हाई आणला व्हय?

रात्री उशिरा दुसऱ्या गावाहून चाँद दिसल्याची खबर आली होती.

ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम. महिनाभरात मनापासून धरलेला माझा एकच रोजा, आणि नेमका तो गुन्हा. सोजरबाईच्या हातातला चहा तिथेच उभ्याने प्यायलो. दिवसाउजेडी प्यायलेला महिन्यातला पहिला हक्काचा चहा होता. चव कळली नाही.

पेठेत पोचलो तर ही गर्दी! नवे कपडे घालून सगळे मला शोधत होते. मेहबूबभाई पहाटेपासून बसस्टँड पालथे घालत होते, त्यांची ईदची नमाज चुकली. दत्तोबाने दुकान बंद ठेवून नदीकाठ बघितला. शिरखुर्म्यावर साय धरली होती, कोणी पातेल्याला हात लावला नव्हता. नसीमने मला बघितलं आणि विचारलं, मी कोण, सांगा. सगळ्यांसमोर.

मी म्हणालो, नसीम, मला खरंच माहीत नव्हतं आज ईद आहे. ती म्हणाली, रात्री तुम्हाला हलवून सांगितलं की. हां हां म्हणालात. मी कापसाचं सांगितलं. कोणी ऐकलंच नाही.

अम्मींनी निकाल दिला. बीमार माणसाला रोजे माफ असतात. पुढच्या वर्षीपासून यांनी धरायचे नाहीत, बदल्यात गरिबाला जेवू घालायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहबूबभाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

२ जुलै, सोमवार. सकाळ.

ईद झाली तरी नसीम पहाटे उठली होती. ईदनंतर काही लोक मर्जीचे रोजे धरतात. ती कधी धरत नव्हती. यंदा धरतेय. मी बरा व्हावा म्हणून.

मला उठवून चहा दिला आणि समोर बसली. मी म्हणालो, तू? म्हणाली, माझा रोजा आहे, तुम्ही प्या, तुम्हाला माफ आहे. सावकाश, गरम आहे.

साखर घालायची राहिली होती. रोज्यामुळे तिने चाखला नव्हता. तिने विचारलं, नीट झालाय ना? मी म्हणालो, फर्स्ट क्लास. तिने कप निथळेपर्यंत प्यायला लावला.

आज इफ्तारला तिला सगळं खरं सांगणार.

किंवा तिचे हे रोजे पार पडू देत. मध्येच सांगून तिच्या इबादतीत व्यत्यय नको.