वरच्या खोलीचा अर्ज

१ जुलै २०२४
नगरपालिकेतून नकाशा परत आला. जिना अरुंद दाखवलाय म्हणे. इंजिनिअर रंगराव म्हणाला, "पुन्हा काढतो, सार." चौथ्यांदा! गच्चीवर एक खोली, एक न्हाणी — एवढंच मागतोय. हरितासाठी. नवऱ्याचं घर सोडून आली त्याला आठ महिने झाले. माजघरात झोपते, माझा खोकला ऐकत. बत्तीस वर्षांच्या मुलीला स्वतःचं दार हवं.

१२ जुलै
घर मराठी राजांच्या जुन्या राजवाड्याजवळ, म्हणून पुरातत्त्व खात्याचा आणखी एक ना-हरकत दाखला. आणखी एक ऑफिस.

१३ जुलै
गुडघा दुखतोय. गेलो नाही. हरिता तमिळ शाळेत शिकली, तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहितो — ती गेली तर मी एकटा. खोली थोडी माझ्यासाठीही आहे.

२९ जुलै
दाखला मिळाला. हरिताला सांगितलं, खिडकी पूर्वेला ठेवू. "बरं, अप्पा," म्हणाली आणि डोशाचं पीठ ढवळत राहिली. खूश असेल. तिची आई असती तर तिनं मला नक्की काय ते सांगितलं असतं.

८ ऑगस्ट
नगरपालिकेत अर्जाच्या खिडकीवरच्या कामाक्षीबाईंनी फाइल चाळली. "सार, तुमच्या बांधकामाला कुणाची तरी हरकत आलीय. प्रत हवी तर लेखी मागा." मागितली. शेजारचे सीतारामरावच असणार — गच्चीच्या पाण्यावरून कुरकुरत असतात. घरी येताना त्यांनी हाक मारली, "काय सांबशिव, झालं का काम?" मी सरळ आत जाऊन दार लावलं. तीस वर्षांचा शेजार.

१० ऑगस्ट
सीतारामरावांनी केळफूल पाठवलं. परत केलं. हरिता माझ्यामागे दारापर्यंत आली, मग आत वळली.

१९ ऑगस्ट
हरकतीची प्रत मिळाली. तमिळमध्ये चार ओळी. पत्ता आमचाच. "अर्जदार माझे वडील. खोली माझ्यासाठी आहे. मला तिरुचीला नोकरी लागली आहे, मी इथे राहणार नाही. ते एवढे हेलपाटे घालतात की तोंडानं सांगायचा धीर होत नाही." सही हरिताची.
तिथेच बाकावर बसून अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं. आधी सीतारामरावांच्या दारात गेलो, माफी मागितली. मग घरी.
"रुजू कधी व्हायचंय?" मी विचारलं.
"येत्या सोमवारी, अप्पा." आणि मग ती खूप वेळ बोलत राहिली.