कललेलं टोक

पिर्गी, खिओस बेट
३ जून १९८७

चि. मार्कुला हिस, अनेक आशीर्वाद.

हिवाळ्यातल्या पावसानं दाराच्या उजवीकडची नक्षी ढासळली. ओल्या चुन्यावर जेवायच्या काट्यानं खरवडून तुझ्या सिदेरिसकाकांनी केलेली भिंत! ते गेल्यावर त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय.

गवंडी लेओनिस म्हणतो, डावीकडच्या एका त्रिकोणाचं टोक कललंय. इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं! उजवीकडे सरळ काढला तर विजोड दिसेल, म्हणून सगळंच पाडून नवं करू म्हणतो. मी म्हटलं, आधी मला पाड. उजवीकडच्या त्याच त्रिकोणाचा पाया आणि दोन कोपरे माझ्याकडे शाबूत आहेत, टोकाचा मात्र भुगा झाला. अथेन्सच्या पोरांना भूमिती शिकवतेस ना? मग मावशीची भिंत वाचव.

माया पातळ करू नकोस.
तुझी मावशी,
कालिरोई


अथेन्स
१० जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

डावा त्रिकोण पातळ कागदावर गिरव आणि कागद उलटा करून तुकड्यावर ठेव. दाराच्या दोन्ही बाजूंची नक्षी आरशातल्यासारखी असते, म्हणून डाव्याचा डावा कोपरा उजव्याच्या उजव्या कोपऱ्याशी जुळवायचा. माझी पोरं नेमकी इथंच घोळ घालतात. पाया आणि दोन्ही कोपरे तंतोतंत बसले, तर हरवलेलं टोकही तसंच होतं, दुसरीकडे जाऊच शकत नाही.

मस्तकीचा डिंक पाठवायला विसरू नकोस, आणि लेओनिसशी भांडू नकोस.
तुझ्या लोभातली,
मार्कुला


पिर्गी
१९ जून

चि. मार्कुला हिस, पोटभर आशीर्वाद.

आधी कागद सुलटाच ठेवला. काही केल्या बसेना. मी रडकुंडीला आले, लेओनिस गालात हसला. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, कागद उलटला, आणि पाया न् दोन्ही कोपरे अस्से बसले की बघत राहावं!

म्हणजे उजवा त्रिकोणही कललेलाच होता. मग आठवलं. डावी बाजू झाल्यावर तुझे काका शिडीवरून उतरले, समोरच्या चर्चच्या पायरीवर बसून भिंतीकडे बघत राहिले. मी म्हटलं, काय बघताय एवढं? तर मला कॉफी करायला आत पिटाळलं. तेवढ्यात ठरवलं असणार की उजवीकडेही तसाच कलता काढायचा. चुकीतूनच नक्षी झाली आणि मला पत्ता नाही!

लेओनिसनं टोपी काढली. सोमवारपासून फक्त उजवी बाजू करतोय, तुझ्या युक्तीचा कागद लावून. काकांचं सगळं जागच्या जागी राहणार. तुझं किती कौतुक करू गं!

तुझ्या काकांनी जन्मात कधी चूक कबूल केली नाही. पण ती इतक्या सुंदर रीतीनं नाकारता येते, हे मला आज कळलं.

डिंक सोबत आहे. ऑगस्टात पनायाच्या, आपल्या मेरीमातेच्या, जत्रेला ये, दारात उभी राहून वाट बघेन.
तुझी मावशी,
कालिरोई