उजवीकडची जागा

मंगळवार, संध्याकाळ. भोर.

तिन्ही फोटोंत मी डाव्या कडेलाच उभा आहे. स्टुडिओतल्या सलीमने दाखवलं तेव्हा कळलं. "सायेब, हितं अजून कोन यायचं हुतं व्हय?"

हसलो. काय सांगणार? लग्नाच्या दर वाढदिवशी कॅमेऱ्याचा टायमर सुमनच लावायची आणि धावत येऊन उभी राहायची, फोटोत माझ्या उजवीकडे. दहा सेकंद तिला पुरायचे. ती जाऊन वर्ष झालं. आज घरी टायमर मी लावला, मधोमध उभा राहिलो. त्या दहा सेकंदांत सरकलो असणार. तिन्ही वेळा? आठवत नाही.

पेपरातल्या माझ्या सदरासाठी फोटो उद्या दुपारी पाठवायचाय. "मोकळं हाय तेवढं कापून टाकू?" सलीमने विचारलं. मी पैसे ठेवून घरी आलो. सकाळी तो पुन्हा विचारेल आणि मला हो म्हणावं लागेल.