सोळावा कप

ता. ४ मार्च

तीर्थरूप दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोन उचलायचा नाही अशी शपथच घेतली आहेस, तेव्हा पत्र. हे तरी गादीखाली सारू नकोस.

वहिनीला जाऊन वर्ष उलटलं. तेव्हापासून तुझ्या सलूनचं शटर खाली आणि तुझी दाढी छातीपर्यंत. गावभर लोकांच्या दाढ्या करणारा माणूस तू! शेजारचा घड्याळजी सांगत होता, दुकान त्याला देऊन टाकतोयस म्हणे. मधली भिंत पाडायला गवंडीही ठरलाय. हातातला वस्तरा गेला तर तू उरशील का रे?

म्हणून भिंत पडायच्या आधी आपण दोघं कालव्यातल्या सहलीला जाऊ. दोन बेत आहेत. एक मोठं जहाज: तीन हजार माणसं, पोहायचा तलाव, रोज नाटक, आणि जातं रुंद कालव्याच्या मधोमध. दुसरी छोटी बोट: सोळा प्रवासी, जेवायला एकच टेबल, आणि कालवा इतका अरुंद की खिडकीतून काठावरचं गवत उपटता येईल. कुठली ते कळव. ‘नाही’ हे उत्तर चालणार नाही.

माया आटू देऊ नये,
तुझी ठमी

ता. १२ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. घड्याळजी सांगतो ते खरं आहे. पुढच्या महिन्याअखेर गवंडी येतो. त्यात लुडबुड करू नकोस.

सहलीचं म्हणशील तर तू पिच्छा सोडणार नाहीस, लहानपणापासून ओळखतो तुला. तेव्हा मोठं जहाज. तीन हजारांत मला कोण विचारतंय? कोपऱ्यात बसावं, पाणी बघावं, परत यावं. त्या सोळांच्या टेबलावर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, घरी कोण कोण असतं. मग मला सांगावं लागणार, मग सगळे चुकचुकणार आणि भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवणार. मला ते झेपत नाही गं. दुकानसुद्धा त्याचसाठी बंद केलं. समोरच्या आरशात गिऱ्हाईकाच्या डोळ्यांतली कीव दिसायची, आणि हात चालेना.

तुझ्या यजमानांना सप्रेम नमस्कार.

तुझा
दादा

ता. १९ मार्च

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

छोट्या बोटीची तिकिटं काढली. काय ओरडायचं ते ओरडून घे.

मोठ्या जहाजावर तू जेवायला आला नाहीस तर ताट उचलून नेतील, झालं. छोट्या बोटीवर दार वाजवतील. मला तुझ्यासाठी दार वाजवणारी माणसं हवीत, दादा. मी इतक्या लांबून रोज येऊ शकत नाही, आणि त्या काळजीनं माझा जीव टांगणीला लागतो, हे आज स्पष्टच लिहिते.

तू स्वतः काय केलं होतंस, आठव. दर रविवारी आठला येणारे गणिताचे मास्तर एकदा आले नाहीत, तर अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून त्यांच्या घरी धावलास. मास्तर न्हाणीत पडले होते. तू गेलास म्हणून वाचले. हल्ली दुसरीकडे जातात म्हणे. एक कल्ला वर, एक खाली.

आता वाईट बातमी. काल जिन्यावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये आहे. माझी जागा बोटवाल्यांनी दुसऱ्या कुणाला दिली, तुला एकट्यालाच जावं लागेल. बनाव वाटत असेल तर येऊन प्लास्टरवर टिचकी मारून बघ.

रागाबरोबर लोभही असू द्यावा,
तुझी ठमी

ता. १७ एप्रिल, बोटीवरून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

खोली कसली, कपाट आहे. कूस बदलायची तर भिंतीची परवानगी घ्यावी लागते. पहिल्याच जेवणाला एका रिटायर नर्सबाईंनी विचारलं, घरी कोण कोण. एकटाच म्हणालो आणि मीठ मागितलं. नंतर मान वर केलीच नाही.

या कालव्यात जागोजागी पाण्याचे दरवाजे आहेत. दोन दारांच्या मध्ये बोट घेतात, पाणी भरतात, बोट वर चढते, मग पुढचं दार उघडतं. बोटीची चाल इतकी मंद की एका दाराशी उतरून काठाकाठानं चालत पुढच्या दाराशी तिला गाठायचं, अशी इथं पद्धतच आहे. परवा सगळे उतरले. मीही उतरलो आणि मुद्दाम मागे राहून एका बाकावर बसलो. म्हटलं, जाऊ दे बोट पुढे. बस धरू आणि घर गाठू.

बऱ्याच वेळानं बघतो तर सगळी वरात काठावरून उलटी येतेय. पुढे नर्सबाई, मागे काठी टेकत त्यांचे यजमान, शेवटी खुद्द कप्तानीणबाई. चहाच्या टेबलावर सोळावा कप उपडाच राहिला, हे नर्सबाईंच्या लक्षात आलं म्हणे. बोट दारातच थांबवलेली, मागच्या बोटी भोंगे वाजवतायत, आणि नर्सबाई मला अशा बोलल्या! सांगून जाता येत नाही का, जिवाला घोर लावता, चहाचं पार पाणी झालं. ठमे, तुझी वहिनी गेल्यापासून उशीर झाला म्हणून मला कुणी रागावलंच नव्हतं गं. भर उन्हात रडलो मी. मग टेबलावर तिच्याबद्दल सगळं सांगितलं. कुणी चुकचुकलं नाही. भांडायची का, एवढंच बाईंनी विचारलं. म्हटलं, फार. सगळे हसले, मीसुद्धा.

काल सकाळी बाईंचे यजमान हनुवटीला कापसाचे बोळे चिकटवून आले. त्यांचे हात थरथरतात. मला बघवेना. वस्तऱ्याची पेटी सवयीनं बॅगेत होतीच. दाराशी नंबर लावून बोट थांबली की अजिबात हलत नाही. तेवढ्यात त्यांची दाढी केली. पुढच्या दाराशी इंजिनवाला येऊन बसला, त्याच्या पुढच्याला केस कापून घ्यायला कप्तानीणबाई. सगळ्यांचं आटोपल्यावर आरसा माझ्याकडे वळवला. अगं, कोण होता तो जंगली माणूस! आज सकाळी त्यालाही साफ केला.

घड्याळजीला फोन करून सांग, गवंड्याला नको म्हण. जन्मभर फुकट कटिंग कबूल कर, म्हणजे रागावणार नाही. मास्तरांनाही निरोप दे, कल्ले सारखे करायचे आहेत.

परत आल्यावर पहिल्या रविवारी आठला शटर उघडतो. नाही उघडलं, तर कुणाला तरी दार वाजवायला सांग.

तुझा
दादा